ओळखीचा शिपाई

विजयादशमीच्या दिवशी मैसूर शहरात ज्यांनी पाऊल ठेवले आहे, त्यांना तेथील पोलिसांचे एक वेगळेच दर्शन घडलेले असते. साडेसातशे किलो वजनाच्या सुवर्ण-अंबारीत चामुंडेश्वरी देवीची मूर्ती विराजमान होते. हत्तींची मिरवणूक राजवाड्यातून निघते आणि सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून बन्निमंटपापर्यंत जाते. बन्नी म्हणजे शमी. महाराष्ट्रात ज्या दिवशी सीमोल्लंघन करून आपट्याची पाने लुटतात, त्याच दिवशी मैसूरची ही जंबू सवारी शमीच्या स्थानाकडे निघते. तिच्याबरोबर अश्वारूढ पोलीस असतात, राजवाड्यातील वाद्यवृंदाची परंपरा चालविणारा पोलीस बँड असतो आणि रात्री बन्निमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे तासन्‌तास उभी राहतात. दोर धरून उभा असलेला शिपाई 'मागे सरा' म्हणतो आणि लोक कुरकुर करीत का होईना, पण मागे सरतात.

याच शहरातील दोन प्रसंग याहून अगदी निराळे आहेत. २२ मार्च २०२१ रोजी हिनकलजवळच्या रिंग रोडवर वाहनांची तपासणी चालू असताना एक दुचाकीस्वार अपघातात मरण पावला. हा मृत्यू पोलिसांमुळेच ओढवला, अशी समजूत जमलेल्या लोकांत क्षणार्धात पसरली. पोलिसांना मारहाण झाली आणि त्यांच्या वाहनाची मोडतोड झाली. पुढे १० फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुरावरून संतापलेला जमाव उदयगिरी पोलीस ठाण्यासमोर गोळा झाला. ज्याच्यावर आरोप होता तो इसम त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात आलेला होता. तरीही ठाण्यावर दगडफेक झाली, काही पोलीस जखमी झाले आणि जमाव पांगविण्यासाठी अश्रुधुराचा वापर करावा लागला.

या दोन्ही प्रसंगांत दोष कोणाचा आणि किती, हे ठरविण्याचे काम तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे आहे. येथे विचारात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. दसऱ्याच्या दिवशी ज्या पोलिसाचा शब्द एवढा मोठा समुदाय ऐकतो, त्याच पोलिसाच्या शब्दावर एरवीच्या दिवशी काहीशे माणसे विश्वास का ठेवीत नाहीत? 'संशयित आमच्या ताब्यात आहे, पुढील कारवाई कायद्याप्रमाणे होईल', हे साधे सत्य लोकांच्या गळी का उतरत नाही?

दसऱ्याचा दिवस ही पोलीस आणि जनता यांच्या संबंधांची खरी कसोटी नव्हे. त्या दिवशी सोहळा नीट पार पडावा अशीच दोघांची इच्छा असते. दोघांच्या इच्छा दोन दिशांना खेचू लागतात, तेव्हा कसोटी लागते. अशा वेळी लोकांना कायद्याची कलमे आठवत नाहीत. समोर उभा असलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे की नाही, आणि पूर्वी कधी काम पडले तेव्हा तो आपल्याशी कसा वागला, एवढेच त्यांना आठवते. ही ओळख संकटाच्या रात्री निर्माण करता येत नाही. ती आधीच असावी लागते. पोलीस-जनता सहकार्याच्या नावाने देशोदेशी ज्या योजना निघाल्या, त्या सर्वांचे सार या एका गोष्टीत आहे.

राखण करणाऱ्याने वस्तीतील माणसे ओळखावीत, ही कल्पना आपल्या देशाला नवीन नाही. महाराष्ट्रात जसे बारा बलुतेदार होते, तसे कानडी मुलखात आयगार होते आणि त्यांत तळवार व तोटी असे गावाच्या राखणीचे दोन सेवक असत. दक्षिणेतील अशा राखणदारांच्या कामाची वाटणी १८१२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेल्या 'पाचव्या अहवाला'त नोंदलेली आहे. गुन्ह्यांची बातमी काढणे आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या वाटसरूंना सोबत करणे हे तळवाराचे काम असे. तोटी पिके राखी आणि पिकाच्या मोजणीच्या वेळी हाताशी उभा राही. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने महाराष्ट्राच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही गावच्या जागल्याचे असेच वर्णन आढळते. गावातील प्रत्येकाची चालचलणूक त्याला ठाऊक असे. चोरी झाली की पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई आणि तेथून पुढचा माग शेजारच्या गावच्या राखणदाराने उचलावयाचा, असा दंडक होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. राखणीचे कष्ट ज्यांना खालचे मानले जाई अशा जातींवर वंशपरंपरेने लादलेले होते. राखणदार पाटलाच्या आणि गावातील वरचढ घराण्यांच्या मुठीत असे. ज्याची गावात पत नव्हती, त्याच्या फिर्यादीला कोणी कान देत नसे. त्या काळी ओळख होती, पण समान वागणूक नव्हती. आजच्या योजनांचा विचार करताना हा अनुभव विसरून चालणार नाही.

इंग्रजी राज्यात चित्र उलटे झाले. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याने उभ्या केलेल्या दलाचा नमुना लंडनच्या नागरी पोलिसांचा नव्हता. आयर्लंडमध्ये इंग्रजांची सत्ता टिकविण्यासाठी जे सशस्त्र दल उभारले होते, त्याच्याशी या दलाचे नाते अधिक जवळचे होते. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी स्थापिलेल्या दलातील शिपायांना गुन्हा घडूच न देणे हे आपले पहिले काम आहे, असे सांगण्यात आले होते. ठरावीक मोहल्ल्यातून पायी हिंडणे आणि तेथील माणसांना ओळखणे ही त्यांची रीत होती. आपल्याकडील शिपाई बराकीत राहू लागला, कवायत शिकला आणि हुकूम येताच एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला जाऊ लागला. तो शिस्तीचा झाला, पण वस्तीला परका झाला. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी पोलिसाची भीती घालण्याची सवय आपल्या घराघरांतून अजून गेलेली नाही. तिचे मूळ या परकेपणात शोधावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले. १९५६ साली राज्य पुनर्रचना होऊन विशाल मैसूर राज्य अस्तित्वात आले, तेव्हा जुने मैसूर संस्थान, कूर्ग, हैदराबाद व मद्रास राज्यांतील कानडी भाग आणि मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व उत्तर कानडा हे जिल्हे असा वेगवेगळ्या कायद्यांखाली वाढलेला मुलूख एकत्र झाला. या साऱ्या मुलखासाठी १९६३ चा मैसूर पोलीस अधिनियम करण्यात आला. १९७३ साली राज्याचे नाव बदलल्यावर तोच कर्नाटक पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणेचे निर्देश दिले. त्यांना अनुसरून कर्नाटकाने २०१२ साली या अधिनियमात दुरुस्ती केली आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची दखल घेणारी प्राधिकरणे राज्य व जिल्हा पातळीवर निर्माण करण्याची तरतूद केली. ही सारी पावले आवश्यक होती. परंतु पोलिसाने गैरवर्तन केल्यानंतर दाद मागण्याची सोय होणे ही एक गोष्ट आहे आणि शिपाई व नागरिक यांच्यात रोजचे सरळ व्यवहार सुरू होणे ही दुसरी. दुसरी गोष्ट कायद्याने घडत नाही. ती गल्लीत घडते.

त्या दृष्टीने कर्नाटकाने २०१७ साली राज्यभर आणलेली सुधारित बीट पद्धती महत्त्वाची आहे. बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीचा एक लहान तुकडा. पूर्वीही बीट होती, पण तिचा अर्थ बहुधा रात्रीची गस्त एवढाच असे. ज्या शिपायाची पाळी असेल त्याने हिंडावे, ठरलेल्या ठिकाणच्या वहीत सही करावी आणि परत यावे. आज एक तर उद्या दुसरा. वहीत सह्या भरत, पण त्या गल्लीला कोणताही शिपाई आपला वाटत नसे. नव्या पद्धतीत प्रत्येक बीट एका विशिष्ट शिपायाकडे किंवा हवालदाराकडे सोपविली जाते. त्या भागाची माहिती ठेवणे, तेथील तक्रारी ऐकणे आणि रहिवाशांच्या समितीशी संपर्क ठेवणे ही त्याची जबाबदारी ठरते. जुलै २०२५ मध्ये याच दिशेने आणखी एक पाऊल टाकण्यात आले. 'मने मनेगे पोलीस', म्हणजे घरोघरी पोलीस, या योजनेप्रमाणे सुमारे चाळीस ते पन्नास घरांचा एक गट करून पोलिसांनी त्या घरांना भेट द्यावयाची आणि लोकांच्या अडचणी समजून घ्यावयाच्या आहेत. जपानमध्ये मोहल्ल्यातील छोट्या पोलीस चौकीला 'कोबान' म्हणतात. तिचा आरंभ १८७४ साली तोक्यो शहरात झाला. तेथील पोलीस आजही आपल्या हद्दीतील घरांना आणि दुकानांना अशाच भेटी देत असतात.

अशा भेटींतून काय साधते, हे मैसूरसारख्या शहरात चटकन ध्यानात येते. सेवानिवृत्तांनी राहावे असे शांत गाव, अशी या शहराची ख्याती आहे. मुले बंगळूरला किंवा परदेशी गेली आहेत आणि घरात दोन वृद्ध माणसे एकटी राहात आहेत, असे चित्र तेथील अनेक वसाहतींत दिसते. त्या घराची घंटा वाजविणारा माणूस खरोखरच वीजमंडळाचा आहे की नाही, गळ्यातील साखळी ओढून पळालेली दुचाकी कोणत्या गल्लीने गेली, शेजारच्या बंद घरात रात्री दिवा का लागला, या गोष्टी ठाण्यात बसून कळत नाहीत. देवराज मार्केटच्या गर्दीत, लष्कर आणि मंडी या जुन्या ठाण्यांच्या हद्दीत किंवा नजरबादमध्ये परिस्थिती आणखी वेगळी असते. तेथे कन्नडबरोबर उर्दू, तमिळ आणि तेलुगूही कानी पडते. दुकानदार, हातगाडीवाला आणि परगावाहून आलेला मजूर यांची गाऱ्हाणी एकमेकांशी जुळत नाहीत. गटाराच्या पाण्यावरून, गाडी उभी करण्यावरून किंवा ध्वनिक्षेपकाच्या आवाजावरून झालेले भांडण त्या दिवशी क्षुल्लक असते. ते वेळीच मिटले नाही, तर पुढे एखाद्या अफवेच्या रात्री त्याच भांडणाला जातीचा किंवा धर्माचा रंग चढतो.

वेळीच मिटविलेली लहान भांडणे मोठ्या प्रसंगी कशी उपयोगी पडतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८८ साली सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून हिंदू आणि मुसलमान रहिवाशांच्या संयुक्त समित्या स्थापन केल्या. एरवी शांतता समिती म्हटली की प्रतिष्ठित पुढारी डोळ्यांसमोर येतात. या समित्यांतून सामान्य रहिवाशांना स्थान मिळाले आणि तेथील रोजची भांडणे समित्यांपुढे येऊन मिटू लागली. खोपडे यांची बदली झाल्यावरही समित्या चालू राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईला लागून असलेली, दंगलींसाठीच कुप्रसिद्ध झालेली भिवंडी मात्र शांत राहिली.

भिवंडीच्या समित्या डिसेंबर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नव्हत्या, ही यातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्या चार वर्षे आधीपासून किरकोळ कामे करीत होत्या. त्या किरकोळ कामांतूनच माणसे एकमेकांना आणि पोलिसांना ओळखू लागली होती. म्हणून अफवा आली तेव्हा तिची शहानिशा कोणाकडे करावयाची, हे लोकांना ठाऊक होते आणि पोलिसांनाही कोणाच्या दारी जावयाचे ते माहीत होते. तमिळनाडूत १९९३ साली रामनाथपुरम जिल्ह्यात सुरू झालेली 'पोलीस मित्र' चळवळ किंवा केरळची २००८ मधील 'जनमैत्री' योजना यांच्या मुळाशीही हाच विचार आहे.

तथापि, केवळ समित्या नेमल्याने आणि घरोघरी फेऱ्या मारल्याने हे फळ हाती येईल असे नाही. या मार्गात काही अडचणी आहेत. पहिली अडचण माणसांच्या निवडीची. समितीवर जर ठाण्यात ऊठबस असलेली चार वजनदार माणसेच आली, तर जुन्या गावगाड्याचाच दोष नव्या नावाने परत येईल. ज्यांना पोलिसांची भीती अधिक वाटते, त्या स्त्रिया, मजूर, भाडेकरू आणि अल्पसंख्य यांना तेथे जागा असली पाहिजे. दुसरी अडचण बदल्यांची. शिपायाने वर्षभर हिंडून माणसे ओळखीची करावीत आणि तोच त्याची बदली व्हावी, असे होत राहिले तर दरवेळी पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. तिसरी अडचण शिपायाच्या कामाच्या ओझ्याची. बंदोबस्त, न्यायालयातील हजेरी आणि तपास यांतून ज्याला पुरेशी झोप मिळत नाही, त्याने हसतमुखाने चाळीस घरे हिंडावीत ही अपेक्षा न्याय्य नाही. बीटचे काम हे त्याच्या इतर कामांवर टाकलेला आणखी एक भार न होता, त्याचे मुख्य काम ठरले पाहिजे.

चौथी अडचण अधिक नाजूक आहे. घरोघर जाऊन विचारपूस करणे आणि घराघरावर पाळत ठेवणे यांतील अंतर फार थोडे असते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगी जीवनाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. दारात आलेल्या शिपायाने कोणती माहिती विचारावी, ती कोठे ठेवली जाईल आणि ती देणे नागरिकाच्या इच्छेवर आहे की नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. नाहीतर जो परकेपणा घालवावयाचा, तोच या भेटींमुळे वाढेल.

नागरिकाच्या बाजूनेही काही जाणून घेण्याजोगे आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची वर्दी, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक साधनाने वर्दी दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि तपास कोठवर आला आहे हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत त्याला कळवावयाचे असते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी ठाण्यात बोलाविता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जावयाचे असते. या तरतुदी ठाऊक असलेला नागरिक पोलिसांशी आर्जवाने किंवा अरेरावीने बोलत नाही, तो बरोबरीच्या नात्याने बोलतो.

हक्कांबरोबर कर्तव्यही येते. रस्त्यावर अपघात झाला की माणसे भोवती जमतात, पण जखमीला उचलावयास पुढे होत नाहीत. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती त्यांना अडविते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा परोपकारी माणसाला संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीदेखील त्याच्यावर करता येत नाही. ज्या जमावाला पोलिसावर हात उगारण्याचे धैर्य होते, त्या जमावातील एकेकट्या माणसाला साक्ष देण्याचे धैर्य मात्र होत नाही. हे चित्र बदलल्याखेरीज एकट्या पोलिसांच्या सुधारण्याने काम भागणार नाही.

मैसूर शहरात कर्नाटक पोलीस अकादमी आहे. राज्याच्या पोलीस दलातील तरुण अधिकारी तेथे कायदा, तपासाचे शास्त्र आणि कवायत शिकतात. त्या शिक्षणाचे मोल मोठे आहे. परंतु कोणत्या गल्लीतील म्हातारीचा मुलगा दूरदेशी असतो, कोणत्या चौकातील दोन दुकानदारांचे अबोला धरून बसण्याचे कारण काय आहे आणि अफवा उठली तर कोणाच्या शब्दाने तेथील माणसे शांत होतील, या गोष्टी वर्गात शिकविता येत नाहीत. त्या पायी हिंडून शिकावयाच्या असतात, आणि त्या शिकणारा बहुधा अधिकारी नसतो, तर दलातील सर्वांत खालच्या पायरीवरचा शिपाई असतो. दलाची प्रतिष्ठा त्याच्या हाती आहे. म्हणून त्याला स्थैर्य, विसावा आणि वरिष्ठांकडून मान मिळाला पाहिजे. ज्या शिपायाला स्वतःच्या ठाण्यात सन्मानाने वागविले जात नाही, त्याच्याकडून लोकांनी सन्मानाच्या वागणुकीची अपेक्षा कशी करावी?

दसऱ्याचा दिवस वर्षातून एकदाच येतो. संकटाची रात्र केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये जे साधे, घटनाशून्य दिवस जातात, त्या दिवसांत आपल्या गल्लीतून जाणाऱ्या शिपायाचे नाव आपल्याला ठाऊक असावे आणि आपले नाव त्याला ठाऊक असावे. पोलीस आणि जनता यांच्या सहकार्याचा आरंभ येथूनच व्हावयाचा आहे.